एका मशीनच्या दोन तारा

भागुबाईंबद्दल मला फारसं काही माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचं आडनाव मी कधी विचारलं नाही. मांडवगण फराट्याला त्यांचं घर कुठल्या आळीत, नवरा कधी गेला, मुलं किती, यातलं निम्मं मला ठाऊक नाही आणि उरलेलं अर्धवट ऐकलेलं आहे. चेहरासुद्धा नीट आठवत नाही. आमच्या मध्ये हिरवा पडदा असायचा आणि तो जमिनीपासून हातभर वर संपायचा. मी पालथा पडलेलो असायचो, तोंड खाटेच्या कडेला. त्यामुळं मला आठवतात ते त्यांचे पाय. टाचा भेगाळलेल्या, पण नडग्या मात्र तुकतुकीत, जुन्या लाटण्यासारख्या. तो तुकतुकीतपणा कशाचा, हे मला पुढं कळलं.

गेल्या महिन्यात विश्वजीतनं, म्हणजे माझ्या मुलानं, खिशात मावेल एवढं एक मशीन आणलं. मानेला लावायचं. त्यालाही दोन तारा आहेत. एक मी मानेला लावतो, दुसरी गादीवर मोकळी पडून राहते. ती बघून भागुबाईंची आठवण झाली आणि लिहावंसं वाटलं. मला लिहायची सवय नाही.

सन २००३ मधली गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात पाटकरी होतो, तेव्हा निवृत्त झालेलो. नोकरी सगळी दौंड तालुक्यात, कालव्यावर. लोखंडी चाक फिरवून दारं उघडायची, पाणी सोडायचं, पाळी संपली की बंद करायचं. चाक फिरवून मानेचे मणके झिजले, असं डॉक्टर म्हणाले. नुसते वयानंही झिजले असतील. बायको गेल्यावर विश्वजीतनं मला शिरूरला आणलं होतं. पेन्शन तेवढी दौंडच्या बँकेत राहिली, म्हणून महिन्यातून एकदा तिकडं जाणं व्हायचं.

शिरूरच्या एसटी स्टँडच्या मागं, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर सविता मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. खेड्यावरची माणसं त्याला करंटचा दवाखाना म्हणत. मॅडम वयानं माझ्या सुनेएवढ्या. मशीन एकच, पण त्याला दोन तारा. गर्दीच्या दिवशी मॅडम एक तार खाटेवरच्या पेशंटला आणि दुसरी पडद्यापलीकडच्या पेशंटला लावायच्या. जोर कमीजास्त करायचं बटण दोघांचं वेगळं, पण ठोका दोघांना एकच. मला दहा दिवस सांगितले होते, आणि त्याच दिवशी पडद्यापलीकडं हात दाखवायला आलेल्या बाईंनाही दहाच.

पहिल्या दिवशी आधी मला पट्ट्या लावून झाल्या आणि मग पलीकडून आवाज आला.

"मॅडम, मरायची न्हाई ना मी?"

"नाही हो मावशी. मुंग्या आल्यासारखं वाटेल फक्त."

"मुंग्या तर माझ्या हातात आधीपासनंच हायेत. तुमच्या मुंग्या आन् माझ्या मुंग्या आत भांडल्या म्हंजी?"

मला हसू आलं. उशीत तोंड दाबून हसलो, तरी ऐकू गेलं.

"पलीकडं कोन हाय?"

"काका आहेत. मानेचे पेशंट."

"हसत्यात व्हय? हसा, आप्पा, हसा. तुमाला आधी लावलंय. तुमी जित्तं हाय म्हंजी मला चालतंय."

अशी ओळख झाली.

त्या मशीननं नेमकं काय होतं, हे मी अनेकांना सांगून बघितलं, जमलं नाही. आधी बारीक टोचतं. मग टोचणं पसरतं आणि मऊ होतं. पाळीच्या पहिल्या दिवशी कोरड्या चारीत पाणी सोडलं की आधी माती चरचरते, बुडबुडे येतात, आणि थोड्या वेळानं पाणी गपगार चालू लागतं, तसं काहीतरी. मान हलकी होते. मान हलकी झाली की डोकं कुठं ठेवलंय तेच कळेनासं होतं. वर पंखा फिरत असायचा. स्टँडवरून न्हावरा, काष्टी, दौंड अशी गावांची नावं माइकवरून येत, आणि ती गावं आपल्याला कुठं जायची नाहीत, याचं बरं वाटायचं. मी झोपायचो नाही, जागाही नसायचो. डोळ्यांपुढं कालवा यायचा. एका दारातून पाणी निघायचं आणि ते कुठल्या शेतात पोचतंय हे बघायला मी काठानं चालत राहायचो. शेत यायचंच नाही, आणि त्याचं काही वाटायचं नाही.

हा मशीनचा गुण की दुपारी वीस मिनिटं कुणी न बोलवता पडून राहण्याचा, मला सांगता येणार नाही. मॅडमना मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, मशीन दुखण्याची वाट अडवतं. दुखण्याचं मूळ काढत नाही." ते मला पटलं. दार बंद केलं तरी धरणात पाणी असतंच.

भागुबाईंना मात्र बोलावंसं वाटायचं. हातावर तो ठोका सुरू झाला की त्यांचा आवाज खाली खाली जायचा, विहिरीतून आल्यासारखा, आणि त्या कुणाला उद्देशून बोलतायत ते कळायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाल्या, "डोळं मिटलं की पायावर पोर आल्यावानी वाटतंय. वजन लागतंय बघा नडगीला. हे पोपटचं थोरलं हाय. व्हय, हेच. लई लाथा मारायचं."

तेव्हा मला उलगडा झाला. भागुबाई बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाई होत्या. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ उताणं घ्यायचं, टाळूवर तेल जिरवायचं, मग बंबातलं पाणी ओतायचं. तीस वर्षं हेच. त्या नडग्या गावच्या पोरांच्या तेलानं तुकतुकीत झाल्या होत्या.

आता त्यांच्या दोन्ही हातांचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली होती. उजव्याची जास्त. मनगटात नस दबलीय, ऑपरेशन करा, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ऑपरेशन केलं की काही आठवडे हात पाण्यात घालायचा नाही. आणि त्यांची एकुलती लेक दीक्षा, सणसवाडीला भाड्याच्या खोलीत राहणारी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. नववा लागत आलेला.

"ती म्हनती, आई, तू हायेस म्हणून मला कशाचं भ्या न्हाई," भागुबाई पडद्यातून म्हणाल्या. "आन् आईची बोटं अशी."

त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की करंट हातात शिल्लक राहतो. म्हणून दवाखान्यातून उतरल्या की त्या खाली हापशाजवळ चप्पल काढून उकिडव्या बसत आणि दोन्ही तळहात ओल्या मातीवर टेकवत. करंट उतरवायचा. तोवर कुणाला शिवायचं नाही. जिन्याचा लोखंडी कठडासुद्धा धरत नसत. घरी लेक आली, बाळ आलं, तर आपल्या हातून त्याला झटका बसायला नको, म्हणून आतापासून सवय.

मॅडम हसून म्हणाल्या, "मावशी, असं काही राहत नाही हो."

"तुमचं शिक्षण हाय, मॅडम. पर तुमाला पोर झालंय का अजून? न्हाई ना? मंग माती लावू द्या मला."

असं काही राहत नाही, हे मलाही माहीत होतं. तरी एक दिवस आसपास कुणी नाही असं बघून मीही हापशाजवळ हात टेकवून आलो. माती गार होती. बरं वाटलं.

सहाव्या दिवशी मध्येच वीज गेली. पंखा थांबायच्या आधी ठोका थांबला, आणि आम्हा दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "गेली." चालताना कुणी हात सोडावा आणि मग कळावं की धरला होता, तसं झालं. मॅडम खाली दुकानात जनरेटरचं विचारायला गेल्या. पडदा हलायचा थांबला. त्या शांततेत भागुबाईंनी ती गोष्ट सांगितली. आवाज अजून त्या विहिरीतच होता.

गावात हौसरावांचं मोठं घर. सोसायटीचे चेअरमन. त्या घरात भागुबाईंच्या आईला मोरीच्या दाराबाहेर बसवून सुपात धान्य घालत. भागुबाईंच्या वेळेला न्हाणीपर्यंत येऊ देऊ लागले. "त्याच्या म्होरं न्हाई. चहा येगळ्या कपात. आन् पोरं बघा, त्यांची समदी पोरं माझ्या पायावर उघडी-नागडी वाढली. पायाला कसा इटाळ न्हाई?"

आमच्या घरीही वेगळा कप होता. हे मी बोललो नाही.

त्या घरातल्या धाकट्या सुनेच्या बाळाला न्हाऊ घालताना, मागच्या दिवाळीत, त्यांनी नेहमीसारखी बोटं पाण्यात घातली. पाणी बरोबर वाटलं. ओतलं. बाळ असं ओरडलं की बाळंतीण खोलीतून धावत आली. कुल्ला आणि मांडी लालभडक.

"समदी म्हनली, नव्या साबनानं झालं. मी बी म्हनलं, साबनानंच आसंल. साबन फेकून दिला. चार दिसांत पोर बरं झालं. पर मला म्हाईत हाय ना. पानी माझ्या बोटांनी बघितलं व्हतं." जरा थांबून म्हणाल्या, "कुनाला सांगितलं न्हाई मी हे. तुमाला बी न्हाई सांगत. मशीनला सांगतीय."

मशीन बंद आहे, हे त्यांना आठवत होतं की नाही, कोण जाणे. काय बोलावं ते मला वेळेवर कधी सुचत नाही. तेवढ्यात वीज आली आणि ठोका दोघांच्या अंगात परत चालू झाला.

त्यानंतर भागुबाई रोज जास्त खुशीत दिसू लागल्या. म्हणजे पाय खुशीत दिसायचे. मशीन चालू असलं की पायाचा अंगठा जमिनीवर ताल धरायचा. "हात जागा व्हतोय," म्हणायच्या. "आत कसं झुळझुळ चाललंय. आधी मेल्यावानी व्हता." मॅडम सांगायच्या, "मावशी, दुखणं कमी होईल. पण स्पर्श परत येईलच, असं या मशीनवर मी सांगू शकत नाही." भागुबाई ऐकायच्या आणि सोडून द्यायच्या. मुंग्या कळतायत म्हणजे हात कळतोय, असं त्यांनी धरलं होतं. मला ते चुकीचं वाटत होतं. माझी मानही मशीनखाली तरंगायची आणि घरी जाऊन शर्ट घालताना पुन्हा जागेवर यायची. पण आपल्याला काय कळतं, म्हणून मी गप्प राहिलो.

नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आप्पा, आज हात साफ जागा झालाय. रविवारी दीक्षा येतीय. आता जाऊन बंब घासून ठिवते." आणि मला चहा पाजते म्हणाल्या. आधी हापशाजवळ माती झाली. मग शेजारच्या संपतच्या टपरीवर आम्ही बाकावर बसलो. पडद्याशिवाय शेजारी बसण्याची ती पहिलीच वेळ, म्हणून मी समोरच्या गाड्यांकडं बघत होतो.

संपतनं उकळता चहा काचेच्या ग्लासात दिला. मी काठाला धरला, तोही धरवेना, बाकावर ठेवला. फुंकर घालायला वाकलो तर बाजूला दिसलं. भागुबाईंनी ग्लास मधोमध धरला होता, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत, करंगळी बाजूला उभी. आणि त्या दीक्षाच्या डोहाळजेवणाचं सांगत होत्या. सांगताहेत, हसताहेत, ग्लास तसाच. बोटांची टोकं लाल होत चाललेली.

रविवारला तीन दिवस होते. बोललो तर या बाईंचा आनंद जाईल, नाही बोललो तर काय होईल ते मला माहीत होतं. मशीनसोबत मीही ऐकलेलं होतं.

"भागुबाई," मी म्हणालो, "ग्लास खाली ठेवा."

"का वो?"

"गरम आहे."

त्यांनी ग्लासाकडं बघितलं. बाकावरच्या माझ्या ग्लासाकडं बघितलं.

"गरम हाय?"

मी मान हलवली. त्यांनी ग्लास हळूच खाली ठेवला आणि बोटं डोळ्यांपुढं धरली. बराच वेळ तशाच.

"कवाधरनं धरला व्हता मी?"

"बराच वेळ झाला."

"आन् तुमी आत्ता सांगताय व्हय?" त्या माझ्यावर खेकसल्या. "कालव्यात मानूस पडला तर तुमी आधी इचार करीत बसत आसाल! फुडच्या गावाला मढं लागस्तोवर!"

त्यात खोटं काही नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मी पुन्हा गाड्यांकडं बघू लागलो. त्यांनी पदरानं नाक पुसलं. मग ग्लासाला अंगठा लावला. काही नाही. दुसरं बोट. काही नाही. मधलं. नाही. अनामिका लावली आणि थांबल्या, जरा कपाळ आक्रसलं. मग करंगळी.

"आई गं!"

हात झटकन मागं आला. पुन्हा लावली. पुन्हा चटका. "ही हाय!" त्या मला म्हणाल्या. "आप्पा, ही जागी हाय!" डाव्या हाताची लावली. तीही जागी.

"मावशी," संपत आतून म्हणाला, "चहा पिताय का त्याला टोचताय?"

"तू गप, कप इसळ!"

दहाव्या दिवशी भागुबाईंनी मॅडमना हुकूम सोडला, मला परीक्षा द्यायचीय. मॅडमनी तीन वाडग्यांत पाणी घेतलं, थोडं थोडं वेगळं गरम. म्हणाल्या, "करंगळीच कशाला, मावशी? कोपर बुडवून बघा, कोपराला चांगलं कळतं."

"कोपराला लोक गूळ लावत्यात, मॅडम. पानी बोटानंच बघायचं आसतं."

पडदा त्या दिवशी बाजूला सारलेला होता. भागुबाईंनी डोळे मिटले. मॅडमनी ताळा करायला मला बोलावलं. आधी मी अख्खा हात बुडवून सांगायचं, मग त्यांनी करंगळीनं. पहिल्याला मी म्हणालो, कोमट.

"कोमट?" डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "ह्ये बाळाला कडक हाय. तुमच्या कातड्याला काय, दारं फिरवून म्हशीवानी झालंय."

दुसरं मी गरम म्हणालो. त्या म्हणाल्या, ह्ये बरुबर. तिसरं मला बरोबर वाटलं; त्या बोट लावून म्हणाल्या, ह्ये गार, ह्यानं पोराला शिंका येतील. मॅडमनी थर्मामीटर घालून बघितला. तिन्ही त्यांचं बरोबर होतं आणि माझं एकही नाही. मॅडम मोठ्यानं हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पण मावशी, कागदावर लिहून देते, बाळ तीन महिन्यांचं झालं की ऑपरेशनला जायचं. ही बोटंही झोपायला नकोत."

"जाते," भागुबाई म्हणाल्या. कागद त्यांनी चोळीत ठेवला.

ऑपरेशन झालं की नाही, मला माहीत नाही. दवाखान्यात नंतर त्या दिसल्या नाहीत. माझेही दिवस संपले होते. मी मॅडमना विचारणार होतो, पण काय म्हणून विचारायचं, ते जमलं नाही.

एकदाच भेट झाली. पाऊस संपत आला होता. मी पेन्शन घेऊन दौंडच्या स्टँडवर शिरूरच्या गाडीत बसलो, तर पुढच्या बाकावर भागुबाई. पाय ओळखले मी आधी. शेजारी एक तरुण बाई, तिच्या मांडीवर दुपट्यात बाळ. बाळाला दौंडला दवाखान्यात दाखवून दोघी परत चालल्या होत्या.

"दीक्षा, ह्ये ते आप्पा. एकाच मशीनचं आमी."

दीक्षानं "जयभीम, आप्पा" म्हटलं. मी नमस्कार म्हणालो. मग जयभीमही म्हणालो, जरा उशिरा. गाडी सुटली. थोड्या वेळानं मी धीर करून विचारलं, "बाळाला न्हाऊ कोण घालतं?"

"कोन म्हंजी?" भागुबाई वळल्या. "मीच की."

"आईनं मला सगळं सांगितलंय," दीक्षा म्हणाली. "त्या चेअरमनच्या घरचंबी. हौसरावांच्या सुनेला जाऊन सांगून आली, साबणानं झालं नव्हतं म्हणून. त्यांनी दोन महिने हाक मारली नाही. आता परवा बोलावलं, नव्या बाळंतिणीला. पण आधी पाणी त्यांच्या घरच्यांनी बघायचं, मग हिनं."

"चहा?" मी विचारून गेलो.

"कप येगळाच हाय," भागुबाई म्हणाल्या. "मी प्यालेच न्हाई."

मग त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. दीक्षा हळूच मला म्हणाली, "घरी पाणी आधी मी बघते, मग ती करंगळी घालते, आणि मग माझ्यावरच ओरडते. रोजचं आहे."

"वरडू न्हाई तर काय? हिला गारढोन बी कोमट वाटतं. आप्पांवर गेलीय."

गाडी उसातून चालली होती, बाळ झोपलं होतं, आणि गाडीच्या हादऱ्यानं सगळ्यांची डोकी एकाच लयीत हलत होती. मला तसंच मऊ वाटू लागलं, मानेला काही न लावता. मांडवगणचा फाटा आला तसा कंडक्टरनं घंटी मारली. दोघी उठल्या, पिशव्या सावरत दाराकडं निघाल्या. बाकाखाली काहीतरी पांढरं दिसलं. या वेळी विचार करत बसलो नाही, वाकून उचललं.

"भागुबाई, टोपडं पडलं."

"द्या हिकडं. आधी झटका, धूळ लागली आसंल."

"झटकलं."